टॉस, नव्वदी आणि फॉर्म: क्रिकेटमधली समजूत आकड्यांवर तपासायची कशी

"टॉस जिंकला ना भिया, अर्धी मॅच आपली." इंदुरात हे वाक्य गल्लीतल्या टेनिस बॉलच्या सामन्यापासून होळकर स्टेडियमच्या गॅलरीपर्यंत कुठेही कानावर येतं. त्याच्या जोडीला आणखी बरीच असतात: नव्वदीत फलंदाज बिचकतो, फॉर्मात असलेल्याला बाद करणं कठीण, दव पडलं की पाठलाग सोपा, होळकरवर भारत वनडे हरत नाही. यातलं काही खरं, काही अर्धवट, काही निव्वळ योगायोग. कोणतं काय हे ठरवायला दहावीपर्यंतचं गणित, गूगल शीट्स किंवा एक्सेल, आणि आकडे आपल्या मताविरुद्ध गेले तरी ते तसेच ठेवण्याची तयारी एवढं पुरतं. तिसरी गोष्टच बहुधा कमी पडते, म्हणून सुरुवात तिच्यापासून.

१. शीट उघडण्याआधी समजूत कागदावर उतरवा

"टॉसला महत्त्व असतं" हे वाक्य तपासता येत नाही, कारण काहीही घडलं तरी ते खरंच ठरवता येतं. टॉस जिंकून हरलो तर "आज कॅप्टनचा निर्णय चुकला" म्हणायची सोय असते. त्याऐवजी असं लिहा: "आमच्या क्लबच्या २० षटकांच्या सामन्यांत टॉस जिंकणारा संघ निम्म्याहून जास्त सामने जिंकतो." आता त्याखाली चार ओळी. कोणते सामने धरणार (कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणती मैदानं, लेदर की टेनिस)? कोणते सोडणार (पावसात गेलेले, वॉकओव्हर, टाय)? नेमकं काय मोजणार? आणि कोणता आकडा आला तर समजूत चुकली असं मान्य करणार? चौथ्या ओळीशी पेन अडतं. ती लिहिता येत नसेल तर तपासण्यासारखं अजून काही हातात आलेलं नाही. कागदावर तारीख टाका आणि फोटो काढून ग्रुपवर टाकून द्या, म्हणजे नंतर अटी हळूच बदलता येत नाहीत.

अटी नंतर बदलल्या की काय होतं, त्याचं उदाहरण घरचंच आहे. होळकर स्टेडियमवर भारत २००६ मध्ये इंग्लंडविरुद्ध पहिली वनडे खेळला. तेव्हापासून २०२३ अखेरपर्यंत तिथे ७ वनडे झाल्या आणि सातही भारताने जिंकल्या. सेहवागचं २१९ याच मैदानावरचं, डिसेंबर २०११ मधलं. सातपैकी सात म्हटल्यावर मैदानालाच काहीतरी पुण्याई असणार असं वाटतं. पण "वनडे" ही अट आली कुठून? त्याच मैदानावर ऑक्टोबर २०२२ मध्ये दक्षिण आफ्रिकेने भारताला टी-ट्वेंटीत हरवलं आणि मार्च २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाने कसोटी ९ गडी राखून जिंकली. त्या कसोटीत टॉस भारतानेच जिंकला होता आणि आधी फलंदाजी घेऊन डाव १०९ मध्ये संपला. म्हणजे आधी सगळे निकाल पाहिले गेले, मग जिथे पराभव नव्हता तेवढ्याच भागाभोवती कुंपण घातलं गेलं.

२. एका ओळीत एक सामना

रकाने एवढे पुरतात: तारीख, मैदान, चेंडू, षटकं, संघ अ, संघ ब, टॉस कोणी जिंकला, काय निवडलं, आधी फलंदाजी कोणाची, विजेता, दिवस की रात्र, शेरा. "टॉसवाला जिंकला का" हा रकाना हाताने भरू नका. टॉस आणि विजेता या दोन रकान्यांची तुलना करणारं सूत्र टाका. हाताने भरताना डोळा हमखास समजुतीच्या बाजूने झुकतो.

आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी क्रिकशीटवर चेंडूगणिक माहिती फुकट उतरवून घेता येते, आणि डावांच्या याद्या क्रिकइन्फोच्या स्टॅट्सगुरूत मिळतात. क्लबचे सामने क्रिकहीरोजवर नोंदलेले असतील तर तिथून घ्या, नाहीतर स्कोअरबुक आहेच. स्कोअरबुकात टॉसची नोंद बऱ्याचदा रिकामी असते. ती आठवणीतून भरायची नाही. लक्षात राहतात ते टॉसने फिरलेले सामने, बाकीचे विसरले जातात. आठवणीवर भरलेला रकाना म्हणजे जी समजूत तपासायची तिचीच नक्कल. रिकामी ओळ रिकामीच ठेवा आणि अशा किती आहेत ते शेवटी सांगा.

नेहमीच्या चुका: एकच मैदान "चिमणबाग", "चिमनबाग" आणि "चिमणबाग मैदान" अशा तीन नावांनी येतं आणि काउंटइफ्स (अटीत बसणाऱ्या ओळी मोजणारं सूत्र) त्यांना तीन मैदानं मानतं. बाद फेरीचा सामना दोन वह्यांत असल्यामुळे दोनदा चढतो. आठ षटकांवर आणलेला सामना वीस षटकांच्या ढिगात जातो. सगळं भरून झालं की दहापैकी एक ओळ दुसऱ्या माणसाकडून मूळ वहीशी ताडून घ्या. त्यात चूक सापडली तर सगळ्या ओळी ताडायच्या.

धावांची तुलना असेल तर सरासरीबरोबर मध्यकही काढा. १९४५–४६ च्या मोसमात होळकर संघाने इंदुरातच म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ वर डाव घोषित केला होता, सहा जणांनी शतकं ठोकली. असा एक डाव वीस डावांच्या यादीत शिरला की सरासरी वर उडते आणि मध्यक फारसा हलत नाही.

३. तुलना कशाशी?

इथे सावकाश जा. "सचिन इतक्या वेळा नव्वदीत गेला" हा आकडा एकटा काहीच बोलत नाही. विचारायचं ते असं: नव्वदीत काहीही विशेष नसतं, तर तो तिथे किती वेळा गेला असता?

करून बघू. कसोटीत तेंडुलकरची ५१ शतकं आहेत आणि १० डाव ९० ते ९९ च्या दरम्यान संपले. म्हणजे नव्वदीला तो ६१ वेळा पोहोचला आणि त्यातले १० डाव, सुमारे १६ टक्के, तिथेच थांबले. आता अपेक्षित आकडा. त्याची कसोटी सरासरी ५३.७८, म्हणजे ढोबळमानाने दर ५३.७८ धावांमागे एकदा बाद. एक धाव सुखरूप काढण्याची शक्यता १ उणे १/५३.७८, म्हणजे ०.९८१४. सलग दहा धावा सुखरूप काढण्याची शक्यता म्हणजे ही संख्या स्वतःशी दहा वेळा गुणायची: ०.८२९. म्हणून कोणत्याही दहा धावांच्या टप्प्यात बाद होण्याची शक्यता १७.१ टक्के. ६१ चे १७.१ टक्के म्हणजे १०.४. प्रत्यक्षात १०. कसोटीतल्या तेंडुलकरच्या नव्वदीची भीती आकड्यांत शिल्लकच राहत नाही.

वनडेत ४९ शतकं आणि नव्वदीत संपलेले १८ डाव (नाबाद संपलेलेही धरून), सरासरी ४४.८३. त्याच रीतीने अपेक्षा येते ६७ पैकी १३.५. इथे १८ हा आकडा जास्त आहे. किती जास्त झाला म्हणजे दखल घ्यायची, ते पुढच्या भागात. त्याआधी एक गोष्ट: वनडेत नव्वदी बहुधा शेवटच्या षटकांत येते, तिथे तीस धावांवर असलेलाही बॅट फिरवतच असतो. त्यामुळे जास्तीचे बळी घाबरण्यामुळे की षटकं संपत आल्यामुळे, हे या आकड्यांवरून वेगळं करता येणार नाही. त्यासाठी त्याच षटकांत इतर धावसंख्येवर खेळणाऱ्यांशी तुलना करावी लागते, आणि तिला चेंडूगणिक माहिती लागते.

वरच्या हिशोबात एक खोट आहे. फलंदाज शून्यावर आणि ऐंशीवर सारखाच बाद होतो असं त्यात धरलंय. प्रत्यक्षात डोळा बसेपर्यंत धोका जास्त असतो. म्हणून पुरेसे डाव असतील तर सरासरीच्या वाटेने न जाता शेजारच्या टप्प्यांशी तुलना करा: ८० ला पोहोचलेल्यांपैकी ८० ते ८९ मध्ये किती गेले, ९० ला पोहोचलेल्यांपैकी ९० ते ९९ मध्ये किती, १०० नंतर पुढच्या दहा धावांत किती. छेदात नेहमी "त्या टप्प्याला पोहोचलेले" हवेत. एकूण डाव छेदात टाकले की नव्वदी फारच सुरक्षित दिसू लागते, कारण बहुतेक डाव तिथे पोहोचतच नाहीत.

४. योगायोगाचा पट्टा

नाणं शंभर वेळा उडवलं तर बरोबर पन्नास छापे क्वचितच पडतात. किती इकडेतिकडे चालतं? पन्नास-पन्नासच्या प्रश्नाला सोपा नियम आहे: निम्मे, अधिक-उणे एकूण संख्येचं वर्गमूळ. (प्रमाण विचलन वर्गमूळाच्या निम्मं असतं, त्याची दुप्पट घेतली की वर्गमूळ.) शंभरातल्या सुमारे ९५ वेळा निव्वळ योगायोग या पट्ट्यात राहतो. २५ सामन्यांना हा पट्टा ८ ते १७, १०० ला ४० ते ६०, ४०० ला १८० ते २२०.

समजा क्लबच्या ६४ सामन्यांपैकी ३७ टॉसवाल्याने जिंकले. ५८ टक्के. कट्ट्यावर हा आकडा वाद संपवायला पुरेल. पण ६४ चं वर्गमूळ ८, पट्टा २४ ते ४०, आणि ३७ आरामात आत. म्हणून "टॉसचा फायदा दिसला नाही" एवढंच म्हणता येतं. "टॉसचा फायदा नसतो" हे वाक्य वेगळं आहे आणि त्याला एवढे सामने पुरत नाहीत.

शक्यता निम्मी नसेल तर संख्या, शक्यता आणि एक उणे शक्यता यांचा गुणाकार, त्याचं वर्गमूळ, त्याची दुप्पट. वनडेतल्या नव्वदीसाठी ६७ × ०.२०२ × ०.७९८ चं वर्गमूळ ३.३, दुप्पट ६.६. पट्टा सुमारे ७ ते २०. अठरा आतच आहे, जरा काठाकडे.

सामने वीसहून कमी असतील तर हा नियम वापरू नका, बायनॉम डिस्ट हे सूत्र वापरा. २०२१ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात दुबईला १३ सामने झाले, त्यातले १२ पाठलाग करणाऱ्यांनी जिंकले. १२ किंवा जास्त येण्याची शक्यता हवी असेल तर सूत्रात ११ टाकायचं, एकत्रित बेरीज चालू ठेवायची आणि उत्तर १ मधून वजा करायचं. १२ टाकणं ही सगळ्यात सामान्य चूक. मग फक्त तेरापैकी तेराची शक्यता हाती येते. बरोबर उत्तर ८१९२ पैकी १४, म्हणजे साधारण ५८५ मध्ये एकदा. इतका दुर्मीळ योगायोग म्हणजे काहीतरी होतं.

काय होतं, हे मात्र सूत्र सांगत नाही. दव म्हणावं तर त्यात दुपारचे सामनेही होते. बारांपैकी दोन म्हणजे भारताने स्कॉटलंड आणि नामिबियाला हरवलं ते, आणि ते दोन्ही आधी फलंदाजी करूनही जिंकले असते असं मानायला हरकत नाही. शिवाय दुबई आपण निवडली ती आकडा डोळ्यांत भरला म्हणूनच, त्यामुळे ते ५८५ तेवढ्या वजनाचे राहत नाहीत.

होळकरच्या सातपैकी सातलाही हेच लावा. मायदेशात भारताची वनडे जिंकण्याची शक्यता ७० टक्के धरली तर सलग सात विजयांची शक्यता ०.७ चा सातवा घात, सुमारे ८ टक्के. ५० टक्के धरून हिशोब केला असता तर ती १ टक्क्याहूनही कमी आली असती आणि मैदान जादूचं ठरलं असतं. आणि समजा अशा वीस मैदानांवर प्रत्येकी सात सामने झाले, तर त्यातल्या किमान एकावर सातपैकी सात दिसण्याची शक्यता ८२ टक्के. ते एक मैदान आपल्या गावात निघालं म्हणून आपल्याला दिसलं, एवढंच.

५. फॉर्म तपासताना लागणारा चकवा

फॉर्मची समजूत अशी लिहितात: चांगल्या डावानंतर चांगला डाव येण्याची शक्यता वाढते. तपासायला डाव क्रमाने लावतात, चांगल्याला १, वाईटाला ०, आणि प्रत्येक १ नंतर काय आलं ते मोजतात. रीत सरळ दिसते आणि नेमकी इथेच फसवते.

नाणं तीनदा उडवा. आठ प्रकार होतात. छाप्यानंतर छापा येण्याचं प्रमाण प्रत्येक प्रकारात काढा. छापा-छापा-छापा: १. छापा-छापा-काटा: निम्मं. छापा-काटा-छापा: ०. छापा-काटा-काटा: ०. काटा-छापा-छापा: १. काटा-छापा-काटा: ०. उरलेल्या दोन प्रकारांत पहिल्या दोन उडींत छापाच नाही, ते गळतात. सहा प्रकारांची सरासरी २.५ भागिले ६, म्हणजे ४१.७ टक्के. नाणं पूर्ण प्रामाणिक, तरी छाप्यानंतर छापा "कमी" येतोय असं दिसतं! छोट्या यादीत ही मोजणी मुळातच खाली ओढलेली असते.

यात मोठमोठे अडकले. १९८५ मध्ये गिलोविच, व्हॅलोन आणि ट्व्हर्स्की यांनी बास्केटबॉलमधला "गरम हात" (एकदा बास्केट पडू लागले की पडतच राहतात ही समजूत, म्हणजे तिथला फॉर्म) भ्रम आहे असं दाखवलं आणि तीस वर्षं ते पाठ्यपुस्तकी उदाहरण राहिलं. २०१८ मध्ये मिलर आणि सानहुर्हो यांनी हाच मोजणीचा झुकाव दाखवून दिला. तो काढल्यावर त्याच जुन्या आकड्यांत गरम हाताच्या बाजूचा पुरावा निघाला. म्हणून फॉर्मला ५० टक्क्यांशी तोलायचं नाही, त्याच यादीच्या पिसलेल्या नकलांशी तोलायचं.

शीट्समध्ये ते असं. पहिल्या रकान्यात ३० डावांचे १ आणि ० क्रमाने. दुसऱ्यात सॉर्ट सूत्र, ज्याच्या क्रमासाठी रँडअ‍ॅरे (यादृच्छिक आकडे देणारं सूत्र). यादी तीच, क्रम यादृच्छिक. हे सूत्र हजार रकान्यांपर्यंत ओढा आणि प्रत्येक रकान्याखाली "१ नंतर १" चं प्रमाण काढा. मूळ यादीचं प्रमाण या हजारांत कुठे बसतं ते बघा. वरच्या पन्नासांत असेल तर फॉर्मला आधार आहे. मधे कुठेतरी असेल तर नाही. शीटला हात लावला की यादृच्छिक आकडे बदलतात, म्हणून मोजण्याआधी फक्त मूल्ये पेस्ट करून घ्या. लॅपटॉप नसेल तर हाउजीसारख्या चिठ्ठ्या डब्यात घालून चारपाच जणांनी मिळून शंभर वेळा काढल्या तरी अंदाज येतो.

"चांगला डाव" म्हणजे किती, हे त्या फलंदाजाच्या स्वतःच्या मध्यकावरून ठरवा, म्हणजे १ आणि ० साधारण सारखे येतील. नाबाद ९ चं काय करायचं ते पहिल्या कागदावरच लिहिलेलं हवं. त्याला अपयश मोजणं अन्याय आहे, गाळलेलं बरं. आणि पिसायचं ते एकाच स्पर्धेच्या आत. दुबळ्या संघांविरुद्धची स्पर्धा एका महिन्यात आली तर त्या महिन्यातले सगळे डाव चांगले दिसतात. त्याला फॉर्म म्हणत नाहीत.

६. किती सामने लागतील

बहुतेकांना हा आकडा ऐकून धक्का बसतो. टॉसमुळे जिंकण्याची शक्यता खरोखर ५० ची ६० टक्के होत असेल, तर ते पाचपैकी चार वेळा पकडता यावं यासाठी सुमारे २०० सामने लागतात. ५५ टक्के होत असेल तर सुमारे ७८५. फरक निम्मा झाला की सामने चौपट. एका मोसमाच्या वहीत ५५ टक्क्यांचा फायदा दिसणं जवळजवळ अशक्य आहे, आणि क्रिकेटमधले बहुतेक फायदे एवढेच बारीक असतात.

फुटबॉलमधलं पेनल्टी शूटआउट इथे चांगली शिकवण देतं. २०१० मध्ये छापलेल्या एका अभ्यासात १२९ शूटआउटमध्ये आधी किक मारणारा संघ ६०.५ टक्के वेळा जिंकला होता. आधी मारणाऱ्याला मानसिक फायदा मिळतो असा निष्कर्ष निघाला. पुढे दुसऱ्यांनी ५४० शूटआउट जमवले तेव्हा प्रमाण ५३.३ टक्क्यांवर आलं. वर्गमूळाचा नियम लावून बघा: १२९ ला ७८ विजय पट्ट्याबाहेर पडतात, ५४० ला २८८ पट्ट्यात येतात. पहिल्यांनी लबाडी केली नव्हती, यादी लहान होती.

७. उरलेले खड्डे

"पहिल्या मोसमात चमकला, दुसऱ्यात डोक्यात हवा गेली" ही समजूत तपासताना सगळ्यात वरचे दहा निवडू नका. वर असण्यात कर्तबगारीबरोबर नशिबाचाही वाटा असतो आणि नशीब पुढच्या मोसमाला येईलच असं नाही, त्यामुळे वरचे दहा एकूण खालीच सरकतात, हवा जावो न जावो. खात्री करायला एकाच मोसमाचे विषम आणि सम क्रमांकाचे सामने वेगळे करा. विषम सामन्यांतले वरचे दहा घ्या आणि सम सामन्यांत बघा: तिथेही ते घसरलेले दिसतील, तिथे तर डोक्यात हवा जायला वेळच नव्हता.

बलवान संघ टॉस जास्त जिंकत नाही, पण टॉसनंतर काय घ्यायचं ते वेगळं ठरवू शकतो. म्हणून "टॉस जिंकला" आणि "पाठलाग केला" हे दोन प्रश्न एकाच बेरजेत घालू नका. आणि एकाच वहीवर वीस समजुती तपासल्या तर एखादी निव्वळ योगायोगाने पट्ट्याबाहेर जाण्याची शक्यता बरीच असते. ती सापडली की पुढच्या मोसमाच्या नव्या आकड्यांवर पुन्हा तपासा, जुन्यांवर नाही.

निकाल ग्रुपवर टाकताना एका ओळीत पाच गोष्टी द्या: समजूत, सामने किती, प्रत्यक्ष आकडा, योगायोगाचा पट्टा, आणि गाळलेल्या ओळी किती व का. जसं: "२० षटकं, ६४ सामने, टॉसवाल्याचे विजय ३७, पट्टा २४ ते ४०, टॉसची नोंद नसलेले ११ सामने सोडले." सोबत शीटची लिंक ठेवा, बदलण्याची परवानगी न देता.